गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स घ्यावा का? माझं मत : पैसे पाण्यात

घाटचढ्या

पॉलिसी रिन्यू करताना एजंट विचारतो, "सर, आरएसए टाकू ना?" आरएसए म्हणजे हाच रोडसाइड असिस्टन्स, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारी विम्याची जादा जोड (ॲड-ऑन). आपण म्हणतो, टाका. दोनशे-सव्वादोनशेचा तर प्रश्न. मी चार वर्षं टाकत आलो. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच वापरायची वेळ आली आणि यंदा काढून टाकलं.

रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. आंबा घाटात क्लच गेला. रात्रीचे साडेआठ, वर पाऊस, समोर धुकं. हेल्पलाइनवरची मुलगी अगदी गोड आवाजात, "सर, जवळचं लँडमार्क?" काय सांगू, दरी? मग पिनकोड विचारला. दर अर्ध्या तासाने मेसेज, "आपली विनंती प्रक्रियेत आहे." क्रेन आली पावणेबाराला. चालकाने आधी कागद पुढे केला : २५ किमी फुकट, पुढचे पैसे रोख. कोल्हापूरला पोचेपर्यंत ३,४०० रुपये गेले. मग चार वर्षं हप्ता भरला तो कशासाठी?

विमावाला_१७वर्षे

दादा, राग समजतो, पण आरएसए म्हणजे अमर्याद टोइंग असं कोणीच लिहून दिलेलं नसतं. वर्षाला किती वेळा बोलावता येईल, एका वेळी किती किलोमीटर, कुठल्या भागात, सगळं छापलेलं असतं. आणि नेणार 'जवळच्या' गॅरेजला, तुमच्या आवडीच्या नव्हे. इंधन संपलं तर दोन-चार लिटर आणून देतील, पण पेट्रोलचे पैसे बहुतेक ठिकाणी तुमचेच. पंक्चरला येतात ते स्टेपनी बदलायला. ती बसलेली असेल तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

लोकांचा खरा घोळ दुसराच. फुल इन्शुरन्स आहे, मग गाडी बंद पडली तरी विमा देईल, असं वाटतं. अजिबात नाही. यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड मूळ पॉलिसीत चक्क वगळलेला असतो. अपघात झाला तर खासगी कार उचलून नेण्याचा खर्च मिळतो, तोही १,५०० रुपयांपर्यंत. नुसता थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा) असेल तर तेवढंही नाही. तुमचा क्लच अपघातात गेला नव्हता, त्यामुळे आरएसए नसता तर पहिले २५ किमीही पदरचेच होते.

घाटचढ्या

कमिशन मिळणाऱ्याने हे सांगावं हे ओघानेच आलं.

विमावाला_१७वर्षे

दोनशेच्या ॲड-ऑनवर मला मिळतं त्यात कटिंग चहा येतो. बिस्किट नाही.

डोंबिवलीची_सून

मी घेते आणि घेणार. माझे सासरे ७४ वर्षांचे, गाडी अजून स्वतः चालवतात. गेल्या दिवाळीत हळदीकुंकवाच्या हॉलच्या बेसमेंटमध्ये बॅटरी उतरली. फोन केला, पाऊण तासात एक पोरगा बाइकवरून आला, पाठीवर बूस्टर, बॉनेट उघडलं, दोन चिमटे लावले, गाडी सुरू. बाबांना कोणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. घाटातली एक रात्र धरून सगळ्यांना 'घेऊ नका' म्हणणं मला पटत नाही. आणि रात्री एकटी बाई रस्त्यात अडकली तर अनोळखी माणसाच्या गाडीला दोर बांधून जायचं का?

निवांत_नाशिककर

ताई, आमच्या कोपऱ्यावरचा बॅटरीवाला तेच काम २०० रुपयांत करतो, तेही वीस मिनिटांत. शहरात याची गरज नाही आणि घाटात हा पोचत नाही. मग उपयोग कुठे? आंबा घाटाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६६. १०३३ लावायचा, महामार्ग प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, चोवीस तास. विम्याचा संबंधच नाही.

डोंबिवलीची_सून

तुमचा कोपऱ्यावरचा बॅटरीवाला हळदीकुंकवाच्या हॉलवर येतो का, तेही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी?

आबा_गॅरेज_शाहूवाडी

नाशिककर, १०३३ जरूर लावा, पण त्यांचं काम रस्ता मोकळा करणं आणि अपघातात मदत पोचवणं. तुमच्या घरापर्यंत गाडी पोचवतील या भरवशावर बसू नका.

आता धागाकर्त्याला. घाटमाथ्यावरून मलकापूर तुमच्या २५ किमीत बसलं असतं. सकाळी क्लच प्लेट मागवून संध्याकाळी गाडी दिली असती. तुम्हाला कोल्हापूरचं शोरूमच पाहिजे होतं, म्हणून मीटर फिरला. खरं सांगा.

आणि एक, जे कोणी विचारत नाही. क्रेन आली की आधी बघा, फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारी) आहे का टोचन (चाकं रस्त्यावर ठेवून ओढणारी). मॅन्युअल गाडी टोचनवर चालते. ऑटोमॅटिक असली, टॉर्क कन्व्हर्टर नाहीतर सीव्हीटी प्रकारची, तर पुढची चाकं रस्त्यावर फिरवत न्यायची नाही. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला ऑइल पंप बंद, आतलं सगळं कोरडं घासतं. गेल्या पावसाळ्यात अशी एक गाडी आली होती माझ्याकडे. बंद पडली होती फ्यूजमुळे, टोचन लावून आणली, आणि गिअरबॉक्स खोलावा लागला. फोनवरच सांगायचं, "ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा." इलेक्ट्रिक गाडीलाही तेच.

विमावाला_१७वर्षे

आबांना +१. आणखी एक. नवी गाडी असेल तर कंपनीकडून बहुधा आरएसए आलेलाच असतो. तो संपेपर्यंत विम्यात दुसरा घेऊन काय करणार? आधी डिलिव्हरीच्या वेळची फाइल उघडून बघा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल या भीतीने फोन टाळू नका. बॅटरी किंवा पंक्चरला बोलावलं म्हणजे नुकसानीचा क्लेम झाला असं सहसा धरत नाहीत. पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला बोनस त्यासाठी बुडत नाही.

निवांत_नाशिककर

तीन तास उशीर झाला त्याचं काय? तो कोणत्या कलमात बसतो?

विमावाला_१७वर्षे

कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र उशिरासाठी घसघशीत भरपाई मिळेल असं मी सांगणार नाही.

घाटचढ्या

आबा, शोरूमचं खरं आहे. पण रात्री बाराला मलकापुरात बायको-पोरांना घेऊन कुठे उतरायचं होतं, ते पण सांगा. कागदावर 'जवळचं गॅरेज' छान दिसतं, ते उघडं असेल असं त्यात कुठे लिहिलंय? मत बदललं नाही. फार तर एवढं मान्य : २५ किमीवाला घेऊन फसलो, १०० किमीवाला किती पडतो ते विचारतो.

आबा_गॅरेज_शाहूवाडी

विचारा. शोरूमने क्लचचं बिल किती लावलं?

घाटचढ्या

त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.