मदत हवी आहे: इलिनॉयमधली जामिनाची सुनावणी कुणी जवळून पाहिली आहे का?

नमस्कार मंडळी,

इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैसे भरून जामिनावर सुटण्याची पद्धत पूर्ण बंद केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलंच राज्य. त्यावरून आमच्या शिकागोच्या मित्रमंडळीत सरळ दोन तट पडलेत. काहींच्या मते गुन्हेगार मोकाट सुटतात. मला मात्र, गुन्हा सिद्ध होण्याआधीच केवळ खिसा रिकामा म्हणून माणसाला तुरुंगात ठेवणं पटत नाही. पण रात्री ट्रेनने घरी येणाऱ्या मैत्रिणीची भीती मी कशी नाकारू?

माझ्या समजुतीप्रमाणे आता सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो, आणि आरोपी धोकादायक आहे किंवा पळून जाईल असं पटलं तर न्यायाधीश त्याला आतच ठेवू शकतात. म्हणजे पैसेवाल्या धोकादायक आरोपीचीही वाट बंद झाली. याबद्दल कुणी बोलतच नाही! ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अशा पद्धतींविरुद्ध आदेश काढल्यापासून तर चर्चा नुसती पक्षांची होते.

कुक काउंटीच्या (शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्या) कोर्टात वकील, दुभाषी किंवा कर्मचारी म्हणून कुणी काम करतं का? ही सुनावणी किती वेळ चालते? न्यायाधीशांसमोर नेमके कोणते पुरावे येतात? पीडित व्यक्तीला तारीख वेळेवर कळते का?

न्यू जर्सीतल्या मंडळींनीही जरूर लिहा, तिथे २०१७ पासून रोख जामीन जवळपास संपलाय. बातम्यांचे दुवे नकोत, प्रत्यक्ष अनुभव हवेत.