जुना साग पडून आहे, फ्लॅटची गॅलरी आहे, सुतारकामाला सुरुवात कशी करू?

नववी_गल्ली:
नमस्कार मंडळी. आजऱ्याकडचं आमचं जुनं घर उतरवलं, त्यातल्या सागाच्या फळ्या, चौकटीची लाकडं आणि दोन दारं माझ्या वाट्याला आलीत. वखारवाले मागत होते, पण दिलं नाही, कारण लेकीसाठी अभ्यासाचं टेबल आणि एक पुस्तकांचं रॅक स्वतःच्या हातानं करायचं मनात आहे. जागा म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, आणि रविवारी टेरेस वापरायला मिळतंय. बजेट हत्यारं धरून दहा-बारा हजार. प्रश्न बरेच आहेत, एकदमच विचारते. मशीन आधी घेऊ की हातहत्यारं, कारण व्हिडिओ बघितले की वाटतंय टेबल सॉ असल्याशिवाय काही होतच नाही. रॅक सागाचं करू की प्लायचं? दारांवर जुना ऑइलपेंट आहे, तो पॉलिश पेपरनं घासून काढला तर चालेल का? आणि घरात एका दुकानातनं करून घेतलेलं टेबल आहे त्याचा ड्रॉवर दर पावसाळ्यात आवळतोय, मी करीन त्याचं तसं होऊ नये म्हणून आधीच काय काळजी घेऊ? वरच्या मजल्यावर आजोबा दुपारी झोपतात, त्यामुळं आवाज जितका कमी तितकं बरं.

उद्यमनगर_लेथ:
ताई, लाकूड दिलं नाहीसा हे लई बेस केलंसा. इतकी वर्षं घरात राहून वाळलेला साग आज वखारीत मागून मिळत नाही, नवीन लाकूड घेतलं तर त्यात ओल किती ते बघण्यात निम्मा जीव जातो. टेबल सॉ डोक्यातनं काढा, गॅलरीत तो मावणारही नाही आणि एकट्यानं शिकायचं ते मशीन पण नव्हे. पहिली खरेदी माझ्या मते अशी: चांगला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), एक फुटाची स्टीलपट्टी, बारीक दात्याची करवत, अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), एक रंधा, जोड आवळून धरायला चार क्लॅम्प आणि ड्रिल मशीन. एवढ्यात टेबल आणि रॅक दोन्ही होतंय.

गुण्यावर मात्र पैसे वाचवू नका. आणि महागातला घेतला तरी दुकानातच तपासून घ्या. सरळ कडेच्या प्लायच्या तुकड्यावर गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीनं रेघ मारा, मग गुण्या उलटा पालथा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढं अंतर दिसतंय त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. उद्यमनगरात मोजमापाच्या हत्यारांची दुकानं आहेत, मशीनशॉपवाले घेतात तिथनंच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातल्या पत्र्याच्या गुण्यापेक्षा ते कितीतरी भरवशाचं.

दुसरं, जुन्या लाकडाला रंधा किंवा करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. दारा-चौकटीत मोडके खिळे आतच राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत, आणि एका खिळ्यात पात्याची धार जाते.

गंगावेस_७८:
प्लायबद्दल मी सांगतो. रॅक प्लायचं करा, साग टेबलासाठी ठेवा. पुस्तकं लई वजनदार असतात. 19 मिमी प्लायची फळी मधे आधार न देता अडीच फुटाच्या वर नेऊ नका, दोन फुटाचा कप्पा ठेवला तर उत्तमच. जाडी दुप्पट झाली की फळीचा ताठपणा आठपट होतो, म्हणून 12 मिमी घेऊन पैसे वाचवायला गेलात की फळी झोळ खाणारच. पुढच्या कडेला सागाची दीड इंच उंच पट्टी उभी लावा, दिसायला देखणी आणि झोळ पण आवरतो.

प्लाय घेताना शिक्का बघा. साध्या प्लायला एमआर (दमट हवा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) असे ग्रेड येतात, आयएस 710 ह्या सरकारी मानकाचा शिक्का म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा. पुस्तकांच्या रॅकला मरीन लागत नाही, पण आपल्याकडचा पाऊस बघता भिंतीला ओल येत असेल तर बीडब्ल्यूआर घ्या. आठ बाय चारची शीट लिफ्टमधनं जात नाही, त्यामुळं दुकानातच मापाप्रमाणं कापून घ्या. तिथं मोठं मशीन असतंय, कट सरळ येतो, आजोबांची झोप पण मोडत नाही.

नववी_गल्ली:
गुण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद दादा. कापून घ्यायची कल्पना पण पटली. टेरेसवर स्वतः कापायची वेळ आलीच तर? ओळखीचे एक जण म्हणतात ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावलं की झालं, वेगळं मशीन घ्यायला नको.

उद्यमनगर_लेथ:
नाही ताई, हे अजिबात करू नका, ज्यांनी सांगितलं त्यांनाही थांबवा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो, त्याचं गार्ड दातेरी ब्लेडसाठी केलेलं नसतं, आणि टेकवायला खाली बेस नाही. दाता लाकडात अडकला की मशीन उसळी मारून थेट अंगावर येतंय. साईटवर मिस्त्री लोक मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावतात, त्याला निदान खाली पत्र्याचा बेस असतो, तरीपण ब्लेडवर लिहिलेला जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते ब्लेड लावायचं नाही. घ्यायचंच झालं तर सात इंची सर्क्युलर सॉ घ्या. शीटखाली पूर्ण थर्माकोल अंथरा आणि ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा चार-पाच मिमीच जास्त ठेवा. शीट अधांतरी असली की कापता कापता मधे वाकते, ब्लेड चिमटतंय आणि मशीन मागं फेकलं जातंय, बहुतेक अपघात असेच होतात. डोळ्याला चष्मा पाहिजेच. फिरत्या मशीनवर हातमोजे मात्र घालू नका, मोजा ओढला की बोटं पण ओढली जातात.

बावड्याचा_मिस्त्री:
ताई, माझं आयुष्य ह्याच कामात गेलं. ड्रॉवरचं सांगतो कारण ते समजलं की टेबलाचं पण समजंल.

लाकूड हवेतली ओल पितंय आणि सोडतंय, पॉलिश मारलं तरी ते थांबत नाही, फक्त हळू होतंय. आणि ते लांबीत वाढत नाही, आडव्या अंगानं वाढतंय. सागासारखं शांत लाकूड घेतलं तरी दीड फूट रुंदीची फळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजली तर दोन-चार मिलीमीटरचा फरक सहज येतो. लांबीत बघाल तर जवळजवळ काहीच नाही. मग ड्रॉवरची समोरच्या आणि बाजूच्या फळीत लाकडाच्या रेषा आडव्या असल्या की ती उंचीत फुगणार, वर जागा ठेवली नसली की आवळणार. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, चार महिने ओल मुरते.

आता उपाय. पावसाळ्यात आवळलाय म्हणून जुलैत रंधा मारू नका. तेव्हा मोकळा केलेला ड्रॉवर डिसेंबरात खडखडतो. आधी कडेला खडू चोळा, दोन-चार वेळा आतबाहेर करा, खडू जिथं पुसला जातोय तिथंच घासतंय. तिथं मेणबत्ती चोळा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच काम होतंय. उन्हाळ्यात मग तेवढ्याच जागी थोडं रंधा आणि उघडं लाकूड सगळीकडनं पॉलिश करा, आतून आणि मागून सुद्धा, दुकानात बहुतेक वेळा तेच सोडलेलं असतंय. नवीन करताना वर तीन मिमी मोकळं ठेवा. आणि ड्रॉवर प्लायचा असून आवळत असला तर ओलीला दोष देऊ नका, खोक्याचे कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाहीत. दोन्ही कर्ण मोजा, फरक आला की कारण सापडलं.

टेबलाचा वरचा पाट खालच्या चौकटीला चारी बाजूनं फेविकॉल लावून आणि स्क्रू ठोकून कधीच बसवू नका. पाटाला हलायला जागा मिळाली नाही की तो एकतर भेगाळतो नाहीतर चौकट उचकटतो. एल पट्ट्या लावा पण पाटाकडच्या भोकाला कानस मारून ते आडव्या दिशेनं लांबट करा, स्क्रू कच्च आवळू नका. मधला एक स्क्रू फिक्स, बाकीचे सरकते. एवढं केलं की पाट ऋतूप्रमाणं हलतो आणि कुठंच तडकत नाही.

नववी_गल्ली:
मिस्त्रीकाका, हे इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. अजून एक. सरावाला फळीच्या एका तुकड्यावर रंधा मारला तर एका बाजूनं मऊ सुळसुळीत साल निघते आणि थोडं पुढं गेलं की लाकूड उपसून खड्डे पडतात. धार नवीन आहे, दुकानातनं आणल्या आणल्या तीच वापरली.

बावड्याचा_मिस्त्री:
दुकानातली धार म्हणजे धार नव्हे ताई, ती आपण लावायची असते. आणि फळीच्या कडेला बघा, रेषा चढत चढत वर येताना दिसतील, रंधा त्या चढाच्या दिशेनं न्यायचा. खड्डे पडतायत तिथं रेषा उलटल्यात. तेवढ्या भागावर फळी फिरवून उलट्या बाजूनं मारा आणि पातं अगदी केसभर बाहेर ठेवा.

चप्पललाईन:
धारेचा विषय निघाला म्हणून लिहितो. भारी दगड आणायची गरज नाही. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा, आधी 400 नंबर, मग 1000, मग 2000. आधी पात्याची पाठ टोकाकडच्या इंचभर भागात सपाट करून घ्या, ह्याला वेळ लागतो पण एकदाच करायचं काम आहे. मग पात्याच्या टोकाचा उतार 25 ते 30 अंशात घासा. उताराला मार्करनं काळं करा आणि एकदा घासून बघा, काळं कुठं गेलं त्यावरनं कळतं कोन बरोबर आहे का. पाठीमागून बोटानं हळूच चाचपलं की कडेला बारीक बर (दुमडलेल्या लोखंडाची खरखर) लागली पाहिजे, पूर्ण रुंदीला लागली की त्या पेपरचं काम झालं, पुढचा पेपर घ्यायचा.

शेवटी चामड्यावर. आपल्या गावात हे सगळ्यात सोपं, चप्पल बनवणाऱ्यांकडं तळव्याच्या चामड्याचे तुकडे उरलेले असतात, विचारलं की देतात. आपल्या कोल्हापुरीचं चामडं झाडाच्या सालीत पिकवलेलं असतंय, कडक आणि दाट, त्यामुळं धारेला ते फार छान बसतं. फळीवर चिकटवा, वरून बफिंगचा हिरवा साबण चोळा आणि पातं मागं ओढा, पुढं ढकलायचं नाही नाहीतर चामडं कापलं जाईल. पटाशीनं पाईनच्या तुकड्याचं आडवं टोक, जिथं रेषा कापल्या जातात, ते तासून बघा. ते चुरा न होता गुळगुळीत कापलं गेलं म्हणजे धार लागली. मला तर हा भाग सगळ्यात आवडतो, रेडिओ लावून बसावं आणि धारा लावाव्यात. आवाज पण नाही.

गंगावेस_७८:
स्क्रूचं राहिलंच. सागात सरळ स्क्रू मारला की टोकाला लाकूड फाटतंय. 8 नंबरच्या स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्याला मेण लावा. पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मारून काढा, पितळेचं डोकं लगेच तुटतं. आणि जोडाबाहेर आलेला फेविकॉल बोटानं पुसू नका. तो लाकडात मुरतो आणि नंतर पॉलिश मारलं की तिथं फिकट डाग उठतो. अर्धवट सुकून रबरासारखा झाला की पटाशीनं उचलून काढा. पावसाळ्यात जोड रात्रभर आवळून ठेवा, घाई करू नका. क्लॅम्प कमी पडले तर जाड फळीवर दोन पट्ट्या ठोका आणि मधे दोन पाचरी समोरासमोर हाणा, काम तेच होतंय.

नववी_गल्ली:
पॉलिश कुठलं? लेक दुसरीत आहे, वास आणि विषारीपणा नको वाटतो. आणि दाराच्या रंगाचं उत्तर राहिलं.

पन्हाळा_रोड:
ताई, रंगाचं मी आवर्जून लिहिते, कारण घरात लहान मूल आहे. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, तुमची दारं त्याच्या कितीतरी आधीची असणार. ती धूळ मुलांच्या पोटात जाणं वाईट, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. काढायचाच झाला तर पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा, टेरेसवर, खाली प्लास्टिक अंथरून, लेक तिथं नसताना, आणि ते कपडे वेगळे धुवा. माझं मत विचाराल तर रंगीत दारं तिच्या टेबलाला वापरूच नका, साध्या फळ्या पुरेशा आहेत, दारांचं नंतर निवांत बघा.

पॉलिशसाठी चपड्या लाखेचं पॉलिश करा, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून. स्पिरिट उडून गेलं की राहते ती निव्वळ लाख. मात्र पावसाळी दमट हवेत ते पांढरट पडतं, म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडा. गरम कप ठेवला की डाग पडतो हा त्याचा दोष, पण परत एक हात मारला की जातो, मेलामाईन नावाच्या दुसऱ्या पॉलिशला तसं जमत नाही. जवसाचं तेल पण छान दिसतं, फक्त तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि बोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर सुटं पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

नववी_गल्ली:
फडक्याचं ऐकून दचकलेच. रंगीत दारं बाजूला ठेवली. आता ऑर्डर ठरली: ह्या आठवड्यात गुण्या, पटाश्या, काच आणि पेपर, पुढच्या पगाराला रंधा आणि ड्रिल. चामड्यासाठी शनिवारी जाते. आणि काका, फळ्यांच्या एका टोकाला बारीक भोकं आहेत, खाली पिठासारखा भुसा पडतोय, ती बाजू वापरली तर चालेल का?

बावड्याचा_मिस्त्री:
पीठ ताजं पडत असलं तर आत किडा जिवंत आहे ताई. फळी झाडून पांढऱ्या कागदावर चार दिवस ठेवा. कागदावर परत पीठ दिसलं तर ते टोक कापून लांब टाका, बाकीच्या फळ्यांजवळ ठेवू नका. किडा बहुतेक कडेच्या फिकट लाकडात असतो, आतल्या गाभ्याच्या लाकडाला सहसा लागत नाही. गाभ्याचा भाग पटाशीनं टोचून बघा, घट्ट लागला तर वापरा. बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून सगळीकडनं ब्रशनं दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच पॉलिशला घ्या, कारण एकदा पॉलिश चढलं की ते पाणी आत मुरत नाही.