खेळणी, वाढवणं आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

लहानपणी हातात काय दिलं गेलं, काय काढून घेतलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते मोकळेपणाने लिहा. मी सुरुवात करते. बाबा बिघडलेला रेडिओ उघडायचे तेव्हा मला शेजारी बसवायचे. काढलेले स्क्रू ओळीने झाकणात ठेवायचं काम माझं. आज यंत्रदुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे. नटायलाही मला मनापासून आवडतं आणि या दोन गोष्टींचं आपसात कधीच वाकडं आलं नाही.

~

मी ताईच्या बाहुलीला रुमालाचे झगे शिवायचो. गळ्याला दुमड घालून बारीक टाके. एकदा काकांनी चारचौघांत 'बायल्या' म्हटलं, सगळे हसले. त्यानंतर सुई हातात धरली नाही. मी पुरुष आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. गेलं ते शिवण, आणि त्याचा राग अजून आहे.

~

माझं उलट. जन्मल्यावर 'मुलगा' अशी नोंद झाली. बॅट, बंदुका, गाड्या, कशाचीच कमी नव्हती. तरी आत मी मुलगीच होते. नातेवाइकांनी आईला बोल लावला : तूच लाडावलंस. त्यांना मी कॅनडाच्या डेव्हिड रायमरबद्दल सांगते. जन्म 1965चा. तान्हेपणी सुंता करताना इजा झाली आणि मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं. फ्रॉक, बाहुल्या, सगळं केलं. त्याला ते कधीच पटलं नाही. किशोरवयात खरं कळल्यावर तो मुलगा म्हणून जगू लागला. 2004मध्ये त्याने आयुष्य संपवलं. बाहुल्या देऊन कोणी मुलगी होत नाही, काढून घेऊन मुलगाही होत नाही. त्या ओढाताणीत मूल मात्र पिचतं.

~

मी पाळणाघर चालवते. 1978च्या एका प्रयोगात तेच बाळ मुलाच्या कपड्यांत असलं की बायका त्याच्यापुढे हातोडा धरायच्या, मुलीच्या कपड्यांत असलं की बाहुली. बाळं जेमतेम सहा महिन्यांची! आमच्याकडे सगळी खेळणी एकाच टोपलीत असतात. भातुकलीवर मुलगेही तुटून पडतात. न्यायला आलेले आजोबा कधीकधी कपाळाला आठ्या घालतात, तेव्हा त्यांनाच नातवासमोर बसवून खोटा चहा प्यायला लावते.

~

वरच्या ताई, तुमची आई आता कशी आहे?

~

अजून कधीकधी जुन्या नावाने हाक मारते. ओळख करून देताना मात्र 'ही माझी मुलगी' म्हणते, आणि मावशीने परत तो विषय काढला की सरळ उठून जाते.