अलिबागजवळच्या कोर्लई किल्ल्याला एक तास पुरेल का?

चढाईपुरता तास पुरतो, किल्ल्याला नाही. दीपगृहाच्या मागून पायऱ्या आहेत, रमतगमत वीस मिनिटांत माथा. पण कोर्लई म्हणजे समुद्रात घुसलेली अरुंद, लांबट डोंगरसोंड. तटाच्या आडव्या भिंतींनी तिचे तुकडे पाडलेत आणि प्रत्येकात दरवाजा. बहुतेक जण चर्चचे अवशेष पाहून परततात. खरी गंमत उत्तरेला, कुंडलिका नदीच्या मुखाकडे उतरत जाण्यात आहे. तिथून समोर मुखापलीकडे पोर्तुगीजांचाच रेवदंडा किल्ला दिसला की पोर्तुगीजांना १५९४ मध्ये ही टेकडी कशाला हवी होती ते कळतं. उतरलेलं सगळं परत चढायचं असतं हे मात्र लोक विसरतात, म्हणून दोन-अडीच तास धराच.

वर सावली जवळपास नाही. टाक्यातलं पाणी पिऊ नका, माणशी दोन लिटर सोबत न्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून घसरायला होतं, तेही उतरतानाच. आणि गवतात तटाची कड दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठच्या आत चढायला लागा.

गावातला रस्ता एका गाडीपुरता, मोठी गाडी अलीकडेच लावलेली बरी. आणि कान उघडे ठेवा: इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची ‘नौ लिंग’ अजून बोलली जाते.