खारदुंगला ७२ किमी: सिंहगडाची प्रॅक्टिस पुरेल का?

पळपुटा_पुणे: सप्टेंबरात लडाखमधली खारदुंगला चॅलेंज (खारदुंगला खिंडीवरून जाणारी ७२ किमीची शर्यत) पळायचीय. दर रविवारी सिंहगड दोनदा चढतो, पाय ठीक आहेत पण उंचीचं काय करू? रजा आठच दिवसांची आहे.

घाटवेडी: पायांचं सोड रे, लेहच ३५०० मीटरवर अन् खिंड ५३०० च्या वर, तिथे ऑक्सिजन आपल्याकडच्या जेमतेम निम्मा. आठ दिवसांत नाही भागणार, रजा वाढव. पहिले दोन दिवस नुसता लोळ. मी दुसऱ्याच दिवशी शहाणपणा करून पळाले, रात्रभर डोकं ठणकत होतं.

दमलेला_गडी: पहाटे ३ ला खारदुंग गावातून सुटतात, माझी तर पाण्याची नळीच गोठली, बाटली जॅकेटच्या आत ठेव. आणि चढावर चालायला लाजू नकोस, बहुतेक जण चालतातच.

पळपुटा_पुणे: बॉसला काय सांगू आता 😅