कृपेत वाढणे आणि वहीतल्या खुणा

ताई, लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या दिवसांत शास्त्रवाचनात (बायबलच्या वाचनात) खंड पडला, त्यामुळे आपला विश्वासच खुंटल्यासारखे वाटते, असे आपण लिहिले आहे. मीही अनेक वर्षे प्रार्थनेच्या प्रत्येक दिवसापुढे वहीत बरोबरची खूण करीत असे. आईच्या आजारपणात ती पाने कोरीच राहिली, आणि एका रात्री तिच्या उशाशी बसून ‘प्रभू, दया कर’ एवढेच पुटपुटत असताना मला प्रथमच जाणवले की, मी देवाला धरलेले नाही, त्याने मला धरून ठेवले आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. केडगावच्या मुक्ति मिशनमधील, म्हणजे निराधार स्त्रियांसाठीच्या त्यांच्या आश्रमातील, त्यांचे अपार कष्ट त्यानंतरचे आहेत; आधी कृपा, मग कष्ट, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानेही देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी पीडा, निघावी म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरली.

वाचन जरूर पुन्हा सुरू करावे, मात्र चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून नको. आजच्या पानापासूनच करावे.