पहिलं उड्डाण झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही, मग पहिलं उड्डाण मिळतं कुठून?

कक्षेतला_पोरगा
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या ग्रुपने छोट्या सॅटेलाइटसाठी पॉवर बोर्ड बनवलाय, टेबलावर एकदम व्यवस्थित चालतो. सर म्हणाले हा टीआरएल ४, म्हणजे वस्तू किती तयार आहे हे मोजायच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथी. पण जिथे विचारावं तिथे एकच प्रश्न, आधी अंतराळात जाऊन आलाय का? अरे नेल्याशिवाय जाणार कसा? मोठ्या मिशनवाले नवीन वस्तू घेतात तरी कशा?

सांजवारा
आधी टेबल विसर. पोकळीत हवा नाही म्हणजे चिपची उष्णता वाहून न्यायला कोणी नाही, जो बोर्ड पंख्याखाली गार राहतो तोच तिथे भाजून निघतो. थर्मोव्हॅक (पोकळीत तापवून-गार करून बघणं) आणि व्हायब्रेशन टेस्ट करा, त्यात टिकला तर ५-६ च्या गोष्टी बोलता येतील. सातव्या पायरीला मात्र खरंच वर जावं लागतं.

आणि त्यासाठीच वेगळी मिशन काढतात. नासाचं डीप स्पेस १ बघ, १९९८ ला सोडलं, मुख्य कामच १२ नवीन टेक्नॉलॉजी तपासणं. त्यातलं आयन इंजिन (विद्युतभारित कण मागे फेकून ढकलणारं) पहिल्यांदा सुरू केलं तर साडेचार मिनिटांत बंद पडलं! दोन आठवड्यांनी पुन्हा चालू झालं आणि मग हजारो तास चाललं. त्याच जातीच्या इंजिनांवर नासाचं डॉन यान २००७ ला निघालं आणि लघुग्रहपट्ट्यातल्या आधी व्हेस्टा मग सेरेस अशा दोन ठिकाणी कक्षेत जाऊन राहिलं. ते बंद पडणं थेट डॉनवर झालं असतं तर? म्हणून मला या टेस्ट मिशनबद्दल फार आदर वाटतो, बातम्यांत त्यांना दोन ओळी मिळतात.

मृण्मयी_के
आपल्याकडे तुझ्यासाठी इस्रोचं पोएम आहे ना. पीएसएलव्ही रॉकेटची चौथी स्टेज सॅटेलाइट सोडल्यावर नुसती कचरा होऊन फिरायची, आता इस्रो तिलाच सोलर पॅनल, बॅटरी देऊन काही आठवडे प्रयोगांसाठी जिवंत ठेवते. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ पेलोड (सोबत नेलेली प्रयोगाची उपकरणं) होते, त्यातले १० स्टार्टअप आणि कॉलेजांचे, मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या भाजीवरचा प्रयोगसुद्धा. इस्रोच्या प्रयोगात चवळीला चार दिवसांत मोड आले ते त्याच खेपेला.

त्याच रॉकेटवर स्पेडेक्सची, म्हणजे अंतराळात यानं जोडून बघायच्या इस्रोच्या प्रयोगाची, दोन यानं होती, प्रत्येकी साधारण २२० किलो, १६ जानेवारी २०२५ ला जोडली गेली. चांद्रयान-४ चे भाग दोन रॉकेटनी जाऊन वरच जोडायचेत, ते जोडणं आधी लहान यानांवर करून बघितलं हेच बरोबर.

जुना_रेडिओ
सगळं पटतं, पण दरवेळी नऊच्या नऊ पायऱ्या धरून बसलं तर वीस वर्षं जुनी चिपच उडवत राहू. नासाच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाइलचा प्रोसेसर होता, पाच उड्डाणांचा प्लॅन, झाली ७२, तेही मंगळावर. ते चालू शकलं कारण ते पडलं असतं तरी ज्या रोव्हरसोबत (मंगळावर चालणारी गाडी) ते गेलं त्याचं मुख्य काम अडलं नसतं. तुम्हीपण अशीच जागा शोधा, जिथे तुमचा बोर्ड गेला तरी दुसऱ्याचं मिशन जाणार नाही.

कक्षेतला_पोरगा
म्हणजे पोएमवर आमचा बोर्ड मेला तर बाकीच्यांची पॉवर जाऊ नये हे आम्हालाच दाखवावं लागेल? अर्ज कुठे?

मृण्मयी_के
हो, तेच आधी विचारतील. खाजगी आणि कॉलेजचे पेलोड इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत जातात. सर्किटमध्ये शॉर्ट झाला तर तुमचा बोर्ड वीजपुरवठ्यापासून आपोआप तुटून बाजूला व्हायला हवा, त्याची टेस्ट आत्ताच करा आणि रीडिंग जपून ठेवा.